खेळासाठी विमानतळ निवडायचा, तर अडचणीचा

विमानतळ चालवण्याच्या संगणकीय खेळात पहिला पडदा बहुधा सारखाच असतो. समोर हिरवी, सपाट, रिकामी जमीन आणि खात्यावर मोजके पैसे. आधी धावपट्टी टाकायची, मग टॅक्सीवे, मग विमाने उभी करायला जागा, मग छोटे टर्मिनल. चेक-इनचे काउंटर, सुरक्षा तपासणी, सामानाचे पट्टे, शौचालये, चहा-कॉफीची दुकाने हे सगळे एकेक करून वाढवायचे, विमान कंपन्यांशी करार करायचे आणि त्या पैशातून दुसरी धावपट्टी टाकायची. स्वीडनमध्ये तयार झालेला ‘एअरपोर्ट सीईओ’ हा २०१७ साली बाजारात आलेला खेळ याच वळणाचा. दुसऱ्या प्रकारात जमीन रिकामी नसते, जगातले खरे विमानतळ जसेच्या तसे उभे केलेले असतात आणि खेळाडूला फक्त कारभार हाकायचा असतो. मोबाइलवरचा ‘वर्ल्ड ऑफ एअरपोर्ट्स’ त्यातला. या दुसऱ्या प्रकारचे शौकीन निर्मात्यांकडे सतत एक मागणी करत असतात, की पुढच्या आवृत्तीत अमुक विमानतळ घ्या. मागणीत नावे ठरलेली असतात: दुबई, चांगी, हिथ्रो, अटलांटा. मराठी मुलखातून असा प्रस्ताव पाठवायचा झाला तर कोणता विमानतळ सुचवावा, हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधताना विमानतळ म्हणजे नेमके काय, याचीच उलटतपासणी होते. माझे म्हणणे असे, की खेळासाठी विमानतळ त्याच्या वैभवावरून निवडू नये, त्याच्या अडचणींवरून निवडावा, आणि त्या कसोटीवर मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाइतका हक्काचा उमेदवार आपल्याकडे दुसरा नाही.

पण आधी रिकाम्या जमिनीचा मोह नीट तपासू. कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर ही जमीन शोधणाऱ्याची नजर हमखास एका जागी थांबेल. पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार आहे. जांभ्या दगडाचा सपाट माथा, मैलोन्‌मैल झाड नाही, घर नाही, अडथळा नाही. उपग्रहाच्या चित्रात तर कुणीतरी धावपट्टीसाठीच घासून ठेवल्यासारखे दिसते. खेळातली बुलडोझरची कळ इथे दाबावीशी वाटली तर नवल नाही. आता हिशेब करू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची धावपट्टीची लांबी ठरवण्याची एक ढोबळ रीत आहे. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात विमानाला जेवढी लांबी लागते ती मूळ धरायची. मग उंचीच्या दर ३०० मीटरला ७ टक्के वाढवायचे. त्यानंतर त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा उन्हाळ्यातले तापमान जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी वाढवायचे. कारण साधे आहे. उंचावरची आणि तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, म्हणून विमानाला जमीन सोडण्याआधी जास्त वेगाने आणि जास्त लांब धावावे लागते.

लांबच्या पल्ल्याच्या मोठ्या विमानासाठी मूळ लांबी ३००० मीटर धरू. मुंबई समुद्रालगत, उन्हाळ्यातले कमाल तापमान सरासरी ३३ अंश धरले तर १८ टक्क्यांची वाढ होते आणि गरज ३५४० मीटरवर जाते. मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे, म्हणजे हिशेब जुळला. उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ सुमारे ६०९ मीटर उंचीवर आहे. तिथे एप्रिलचे ३७ अंश धरले तर तेच विमान ४३०० मीटर मागते. आणि मसाई पठार? उंची ९५० मीटर धरू, हवा थोडी थंड म्हणून तापमानही ३३ धरू, तरी साडेचार किलोमीटरच्या वर. म्हणजे पन्हाळ्याची जी थंड हवा पर्यटकाला सुखावते, तिचा विमानाला फारसा उपयोग नाही. तिच्या थंडाव्याने जे वाचते त्यापेक्षा जास्त तिची उंची खाऊन टाकते. या गणिताला मर्यादा आहेत आणि खऱ्या प्रकल्पात विमानागणिक स्वतंत्र अभ्यास होतो, पण दिशा बदलत नाही.

लांबीचे एक वेळ जमवता येईल, टोकांचे काय? पठाराच्या दोन्ही बाजूंना कडे आहेत. अशा माथ्यावरच्या धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात, आणि आपल्या देशाने तिची किंमत दोनदा मोजली आहे. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात तसेच घडले, २१ मृत्यू झाले. सपाट प्रदेशात धावपट्टी ओलांडलेले विमान बहुधा चिखलात रुतते, प्रवासी घसरगुंडीवरून उतरतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. टेबलटॉपवर ती सवलत नाही. त्यात मसाई पठारावरचा पावसाळा. जून ते सप्टेंबर ढग माथ्यावरच टेकलेले असतात, शेजारी चाललेला माणूस दिसेनासा होतो. शिवाय पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि पावसानंतर त्या कातळावर फुलणारे सडे बुलडोझर फिरल्यावर पुन्हा उगवणार नाहीत. रिकामी दिसणारी जमीन रिकामी नसते, हे खेळाच्या पहिल्या पडद्याने लपवलेले पहिले सत्य. तिथे वारा, उतार, पाऊस, पाणलोट आणि आधीपासून राहणारे कुणीतरी असतेच.

मग कोल्हापूरचाच अभिमान धरून कुणी म्हणेल, की पठार नको, पण उजळाईवाडी काय वाईट? हा आक्षेप मला सहज झटकता येत नाही, कारण त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. ‘वर्ल्ड ऑफ एअरपोर्ट्स’च्या यादीत ऑस्ट्रियातला इन्सब्रुक आहे. आल्प्सच्या दरीतला हा विमानतळ मोठा मुळीच नाही. त्याची धावपट्टी २००० मीटरची आणि उंची ५८१ मीटर. कोल्हापूरची धावपट्टी १३७० मीटरवरून वाढवून १९३० मीटर केली आहे आणि उंची ६०९ मीटर. आकडे शेजारी ठेवले तर दोघे भाऊ वाटावेत. म्हणजे खेळात जागा मिळायला अवाढव्यपणाची अट नाही, हे निर्मात्यांनीच मान्य केले आहे. इन्सब्रुकला घेतले ते डोंगरांमुळे, दरीत घुसणाऱ्या वाऱ्यांमुळे, आणि हिवाळ्यात स्कीइंगसाठी युरोपभरातून एकदम कोसळणाऱ्या गर्दीमुळे.

यातली शेवटची गोष्ट मात्र कोल्हापूरकडे नाही, आणि माझा कौल तिथेच फिरतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाने बराच काळ नुसते आकाशाकडे बघत काढला. २०१८ पासून ‘उडान’ योजनेत मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू अशा सेवा लागत गेल्या, पुढे तिरुपतीचीही भर पडली, १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. हे सगळे आनंदाचे आहे. पण दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच विमाने उतरत असताना धावपट्टीसाठी भांडण होत नाही, आणि भांडण नाही तर व्यवस्थापन तरी कशाचे करायचे? तिथला खरा डाव वेगळा आहे: १९३० मीटरवर कोणते विमान किती प्रवासी आणि किती इंधन घेऊन उठू शकेल, आणि धावपट्टी आणखी वाढवायची तर लगतच्या शेतकऱ्याची जमीन कोणत्या दराने. खेळाची पहिली पायरी म्हणून उजळाईवाडी उत्तम. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचा प्रस्ताव म्हणून ती पाठवणे म्हणजे गावची भावना नकाशावर चिकटवणे होईल.

आता मुंबई. या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एक साधारण पूर्व-पश्चिम, दुसरी तिच्याहून आखूड आणि तिरकी. कागदावर दोन, कामाला एक. दोन्ही एकाच वेळी चालवायच्या तर एकीवरचे विमान छेदबिंदू ओलांडेपर्यंत दुसरीवरच्याला थांबवावे लागते. तसे करून पाहण्याचा प्रयोगही झाला, आणि अखेर मुख्य धावपट्टी एकटी, पण टिपून वापरली तर जास्त विमाने बसतात असा अनुभव आला. या एका धावपट्टीवर वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा होते. डिसेंबर २०१८ मध्ये २४ तासांत १००७ उड्डाणे आणि उतरणी झाल्या. भागाकार केला तर सरासरी ८६ सेकंदांना एक विमान, रात्र धरून. गर्दीच्या तासाला ४६ पर्यंत, म्हणजे ७८ सेकंदांना एक. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची जशी रांग लागते तशीच ही रांग, फक्त इथे रांगेतला प्रत्येकजण ताशी अडीचशे किलोमीटरने पुढे सरकत असतो आणि त्याला थांबायची सोय नसते.

७८ सेकंदांच्या आत काय काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. उतरणाऱ्या विमानाची चाके टेकतात, ब्रेक लागतात, वेग उतरतो आणि विमान बाजूच्या टॅक्सीवेवर वळून धावपट्टी मोकळी करते. याला पन्नासेक सेकंद लागतात. वळणाची वाट काटकोनात असेल तर विमानाला जवळजवळ थांबून वळावे लागते. ती तिरकी, लांब वळणाची असेल तर वेगातच बाहेर पडता येते. पाच-दहा सेकंद वाचतात, आणि दिवसाला हजार विमानांच्या हिशेबात तेवढ्याने कितीतरी जास्तीची विमाने बसतात. टर्मिनलच्या छताला मोरपिसाची नक्षी आहे हे प्रवाशाला दिसते. धावपट्टीपासून फुटणाऱ्या या तिरक्या वाटा कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि विमानतळाची कुवत त्यांच्यावर ठरते. दुसरी गोष्ट हवेची. मोठे विमान आपल्या मागे हवेचे दोन भोवरे सोडते. मध्यम आकाराचे विमान अवजड विमानामागून उतरत असेल तर त्याने प्रचलित नियमाप्रमाणे पाच सागरी मैल अंतर ठेवायचे. उतरण्याच्या वेगाने ते अंतर कापायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे मोठे, लहान, मोठे, लहान अशी सरमिसळ रांग लावली की ७८ सेकंदांचे गणित फसले. तीच विमाने गट करून आणली, मोठी एकापाठोपाठ आणि मध्यम एकापाठोपाठ, तर त्याच तासात जास्त बसतात. एक रुपया खर्च न करता, एक वीट न रचता, केवळ क्रम बदलून कुवत वाढवता येते. खेळ म्हणून याहून सुंदर कोडे कोणते? दुबईच्या दोन समांतर धावपट्ट्यांवर किंवा अटलांटाच्या पाचांवरही ते आहे, पण तिथे चूक पचते.

मग पावसाळा. मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांकडून येते आणि विमानतळाखालून वाट काढत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ बंद पडला. नदीच्या अंगावर बांधलेल्या धावपट्टीला नदीची आठवण राहत नाही, नदीला मात्र राहते. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर धावपट्ट्यांच्या डागडुजीसाठी ठरावीक दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही बंद ठेवतात. दोन्ही का? कारण छेदबिंदू सामाईक आहे. विमानांची चाके टेकताना रबराचा थर डांबरावर चिकटत जातो, तो खरवडावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसात ब्रेक धरत नाहीत. खेळाडूला हे सहा तास आधीपासून माहीत असतात, तरी त्या दिवशीची शेकडो विमाने सकाळ-रात्रीत वाटून देणे म्हणजे कसोटीच. आणि माहीत नसलेला प्रसंग हवा असेल तर १ जुलै २०१९ची रात्र घ्यावी. जयपूरहून आलेले विमान पावसात मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतले. माणसे सुखरूप राहिली, पण विमान बाहेर काढायला दिवस लागले आणि मुख्य धावपट्टी ५ जुलैपर्यंत बंद राहिली. सारा भार आखूड, तिरक्या धावपट्टीवर.

इथे सर्वांत सबळ आक्षेप येतो तो नवी मुंबईचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला, डिसेंबरमध्ये प्रवाशांसाठी खुला झालेला, ११६० हेक्टरांवरचा, दोन समांतर धावपट्ट्यांचा आराखडा असलेला, कमळाच्या आकाराचा विमानतळ शेजारी उभा असताना खेळात जुने खोड कशाला? माझे उत्तर असे, की नवी मुंबईचा खरा खेळ विमान उतरण्याआधी संपला आहे. उलव्याची टेकडी कापणे, उलवे नदीचा प्रवाह वळवणे, दलदलीत भराव घालणे, खारफुटीचा प्रश्न, आणि दहा गावांचे स्थलांतर. लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला देण्याच्या मागणीमागे १९८४च्या जासईच्या आंदोलनापासूनचा भूमिपुत्रांचा लढा आहे. त्यातूनच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा आला, आणि विमानतळाच्या वेळी तो साडेबावीस टक्क्यांवर गेला. कोणताही खेळ हे दाखवणार नाही. तो ‘जमीन खरेदी’ अशी एक कळ देईल आणि रक्कम वळती करेल. नवी मुंबई खेळात आणली तर तिचा जो भाग सांगण्यासारखा आहे तोच गाळला जाईल आणि उरेल ते दुबईसारखेच चकचकीत, सोपे. मुंबईच्या बाबतीत तसे करता येत नाही. तिथे धावपट्टीच्या कुंपणाला टेकून वस्त्या आहेत, विस्ताराला इंचभर जागा नाही, आणि हे नकाशातून पुसले तर नकाशाच खोटा पडतो. अडचण पटावरच बसलेली आहे.

दुसरा आक्षेप रंजनाचा. लोक खेळतात ते मोकळे वाटावे म्हणून, दिवसभराच्या कटकटी पुन्हा भोगायला नव्हे. खरे आहे, पण अर्धेच. पन्हाळ्यावर येणाऱ्या पोराला किल्ल्याची कोणती गोष्ट सांगितली जाते? शांततेच्या काळातला कारभार कुणी सांगत नाही. सांगतात ती १६६०च्या वेढ्याची, सिद्दी जौहरची, पावसाळी रात्रीतून विशाळगडाकडे निघालेल्या पालख्यांची. अंबरखान्यात धान्य किती, अंधारबावीत पाणी किती, मोर्चे किती दिवस टिकतील, हे प्रश्न वेढा पडला म्हणून जिवंत झाले. आणि जुना इतिहास कशाला, जुलै २०२१च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला तेव्हा गावाचा दूध-भाजीपाल्यापासून पर्यटकांपर्यंतचा सगळा व्यवहार त्या एका वाटेवर किती टांगलेला होता ते दिसले. तुटवडा आला की व्यवस्था उघडी पडते, आणि उघडी पडलेली व्यवस्था पाहण्यात माणसाला विलक्षण रस असतो. तसे नसते तर बुद्धिबळात दोन्ही बाजूंना चार-चार वजीर दिले असते.

तिसरी शंका व्यवहाराची, आणि ती रास्त आहे: नवखा खेळाडू ७८ सेकंदांच्या रांगेत पहिल्याच दिवशी गुदमरेल. म्हणून प्रस्तावात पायऱ्या हव्यात. सुरुवात जुहूपासून करावी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एक इंजिनाच्या विमानाने तिथे उतरले. ती धावपट्टी म्हणजे चिखलाची जमीन होती, पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि सारा बाडबिस्तारा पुण्याला येरवड्याला हलवावा लागायचा. हवामान आणि जागा यांचा संबंध शिकवायला एवढा धडा पुरे. दुसरी पायरी उजळाईवाडी: १९३० मीटर, एप्रिलची दुपार, आणि खेळाडूने ठरवायचे की वीस प्रवासी उतरवायचे, इंधन कमी घ्यायचे की उड्डाण संध्याकाळच्या गारव्यापर्यंत थांबवायचे. तिसरी पायरी गोव्याचे दाबोळी, जिथे धावपट्टी नौदलाची आहे आणि नागरी विमानांना उरलेल्या वेळात बसवायचे आहे. एवढे जमले की सांताक्रूझ.

गुणांकनाचेही ठरवून द्यावे लागेल, कारण खेळ ज्याला गुण देतो तेच खेळाडू महत्त्वाचे मानतो. प्रचलित खेळ प्रवासीसंख्या, नफा आणि टर्मिनलच्या देखणेपणाला गुण देतात. मुंबईच्या आवृत्तीत गुण असावेत ते हवेत घिरट्या घालत जाळलेल्या इंधनाच्या बचतीला, धावपट्टी मोकळी व्हायला लागणाऱ्या सेकंदांना, मध्यरात्री युरोप-अमेरिकेची विमाने आणि पहाटे देशांतर्गत विमाने यांना तीच उभी राहायची जागा पाळीपाळीने देण्याच्या कौशल्याला, आणि विमान दुसरीकडे वळवायची वेळ आलीच तर अहमदाबाद, हैदराबाद की नागपूर हा निर्णय किती लवकर घेतला याला. नवी धावपट्टी विकत घेण्याची कळ मात्र या आवृत्तीत अजिबात नसावी. खेळाडूने ती शोधत बसावे आणि ४६चा आकडा ४७ करायला त्या तिरक्या वाटांकडे, विमानांच्या क्रमाकडे आणि रबर खरवडायच्या वेळापत्रकाकडे वळावे.